एका ताटलीतलं तेल

आठवड्यात उपासाचा नसलेला वार शोधून बघा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. शुक्रवारीही कुणाकुणाचं काहीतरी असतंच. राहता राहिला बुधवार. त्यात चतुर्थी किंवा एकादशी आडवी येत नाही ना, हे मी कॅलेंडरवर बोट ठेवून पाहिलं आणि मगच साळूबाईंना बुधवारचं आवतण धाडलं.

आमच्या घरात उपास नाहीत. आम्ही बौद्ध माणसं. हा सगळा अभ्यास साळूबाईंसाठी. माझी रूपा आणि त्यांचा सत्यम शेंद्र्याच्या एका कंपनीत सोबत काम करतात, आणि दोघांना लग्न करायचंय. ते मराठा, लासूर स्टेशनजवळच्या गावचे, घरची शेती. सत्यमचे वडील तो लहान असतानाच गेले, त्यामुळे हो-नाही सगळं आईच्या तोंडी. ती आई पहिल्यांदा आमच्याकडे येणार होती. माझी माय म्हणायची, ज्यांना आपल्या घरचं खायचं नसतं त्यांना बरोबर आपल्या दारात उपास आठवतो. मायनं असे उपास पुष्कळ पाहिले होते. म्हणून मला एवढंच बघायचं होतं, बाई आमच्या घरी घास घेते की नाही. घेतला तर ठीक. नाही घेतला तर माझी पोर त्या घरात जन्मभर उंबऱ्यावरच राहणार, मग मांडव कितीही मोठा घाला.

आमचे हे चितेगावच्या कंपनीत आहेत. रूपा-सत्यमसारखी रजा काढतो म्हणाले होते, पण आदल्या दिवशी त्यांना अचानक पहिली पाळी आठवली. नवऱ्यांचेही उपास असतात.

मी पुरण घालणार होते. रूपा म्हणाली, "पुरण नको मम्मी. पुरण बघितलं की माणसाला वाटतं आपली परीक्षा चाललीय. नाष्टाच करू. मी ब्रेड आणलाय, त्याला तेलाचं डिप करते."

"तेलाचं काय?"

"डिप. त्यात ब्रेड बुडवून खायचा."

सिडकोतल्या आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका एका वेळी मावत नाहीत, तरी मी तिच्या खांद्यावरून बघत उभी राहिले. तिनं खलबत्त्यात लसूण, जाडं मीठ आणि मिरी कुटली. पिझ्झ्यासोबत येणाऱ्या पुड्या आमच्या फ्रिजच्या दारात साठलेल्या असतात, त्यातल्या ओरेगॅनोच्या आणि मिरचीच्या दोन-दोन फाडल्या. कुंडीतल्या ओव्याची पानं तोडून बारीक चिरली. हे सगळं एका पसरट पांढऱ्या ताटलीत टाकून तिनं वरून ऑलिव्हचं तेल ओतलं आणि लिंबू पिळलं.

"फोडणी कधी द्यायची?"

"द्यायची नाही."

"पाहुणीला कच्चं तेल? अगं, हे तेल मी मेडिकलमधून आणून तुझ्या अंगाला चोळायचे."

"म्हणून तर एवढी गुळगुळीत झालेय," ती म्हणाली.

मी गॅलरीत जाऊन रस्ता बघून आले. सोफ्याची खोळ ओढून सारखी केली. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो सकाळीच पुसला होता, तो पुन्हा पुसला. शेजारच्या दीपमालानं मागे एकदा सुचवलं होतं, की असे पाहुणे येतात तेव्हा फोटो आतल्या खोलीत ठेवावा. मी तिला चहा न देताच वाटेला लावलं होतं. पुन्हा आत आले तर रूपा ब्रेडचे तुकडे करत होती.

"वाट्या काढू का चार?" मी विचारलं.

"वाट्या कशाला? ताटली मधे ठेवायची आणि सगळ्यांनी त्यातच बुडवायचं. असंच खातात हे."

एका ताटलीत? साळूबाईंचा हात आणि आमचा हात एकाच तेलात? जिथं त्या पाणी घेतील की नाही याची खात्री नाही, तिथं ही पोर त्यांना थेट पंक्तीत बसवायला निघाली होती.

"रूपा, माणसाला निसटायला जागा ठेवावी."

"का ठेवावी? मला बघायचंच हाय, ती बुडवते का नाय."

"बघायचं मलाबी हाय. पण तोंडावर नाय."

तिनं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बापाच्या वळणावर गेली असती तर तिथंच गप्प बसली असती, पण ती माझ्यावर गेलीय. "तू अजून कुणाला भितीस मम्मी?" एवढंच बोलली. तेवढ्यात सत्यमचा फोन आला, गल्ली सापडत नव्हती. ती चप्पल घालून खाली गेली.

मग मी ते केलं. ताटलीतलं तेल वाट्यांत ओतलं. मी, रूपा आणि सत्यम, आमच्या तिघांसाठी रोजच्या स्टीलच्या वाट्या घेतल्या. साळूबाईंसाठी कपाटावरून काचेच्या वाट्यांचा खोका काढला, कधीच न उघडलेला. त्यातली एकच वाटी काढली. आमच्यापैकी कुणाचं तोंड तिला कधी लागलं नव्हतं. सगळ्याच काढल्या असत्या तर आपली वाटी वेगळी आहे हे त्यांना दिसणार कसं?

सत्यम दारातून "जय भीम काकू" म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं, पाठ करून आल्यासारखा. साळूबाई ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या, डोक्यावरचा पदर दोनदा सावरणाऱ्या. पिशवीत मोसंबी आणली होती. त्यांनी सोफ्याच्या कडेवर बसून पाण्याचा ग्लास हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि न पिता खाली ठेवला.

मी ट्रे आणला. वाट्या बघून रूपाचा चेहरा उतरला. सत्यमनं घाईघाईनं ब्रेड बुडवला आणि "मस्त झालंय" म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. साळूबाई आपल्या वाटीकडे बघत बसल्या. मग माझ्या वाटीकडे बघितलं, मग रूपाच्या. हात मांडीवरच. मला ते सहन होईना. बस बाई, एकदाचं म्हणून टाक.

"उपास आहे का तुमचा?" मीच विचारलं.

"नाय," साळूबाई म्हणाल्या. "माजी वाटी येगळी का?"

"नवी आहे. कुणी वापरलेली नाही. तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून."

त्यांना समजलं. त्या वाटीवरची नजर न काढता बोलायला लागल्या. "आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक कप असायचा, दांडी तुटलेला. तुमच्या वस्तीतली माणसं कामाला यायची, त्यायच्यासाठी. लगीन होऊन आले तवा सासूनं चूल दावायच्या आधी तो कप दावला. च्या वरून वतायचा, शिवायचं नाय. मी वतला. सासू गेल्यावर बी वतला."

"आई, आता कशाला ते..." सत्यम म्हणाला.

"तू गप." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आज मला बी तसंच दिलं व्हय तुमी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या दिवसांचं कॅलेंडर, इतक्या वेळा पुसलेला फोटो, सगळं एकदम डोक्यात गेलं. "तसंच कसं?" मी म्हणाले. "तो कप तुटका होता, ही वाटी नवी आहे. आणि ही मी तुम्हाला भिऊन दिली. तुम्ही आम्हाला भिऊन देत नव्हता."

सत्यमनं मान खाली घातली. रूपा उभीच राहिली. झालं, मी मनात म्हटलं, माझ्या तोंडानं माझ्याच पोरीचं लग्न मोडलं.

"व्हय," साळूबाई म्हणाल्या. "भिऊन नव्हतो देत."

त्यांनी काचेची वाटी उचलली आणि त्यातलं तेल सगळंच्या सगळं माझ्या स्टीलच्या वाटीत ओतलं. ते मावलं नाही, टेबलक्लॉथवर सांडलं. त्यांनी ब्रेडचा तुकडा मोडला, माझ्या वाटीत बुडवला आणि खाल्ला. बराच वेळ चावत राहिल्या. मीही एक तुकडा घेऊन त्याच वाटीत बुडवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"लसूण चांगला लागतोय," त्या म्हणाल्या. मग पदरानं बोटं पुसत म्हणाल्या, "सत्यमचे दोन चुलते हायेत. बोलणी करायला तेच येतेत, रीत हाय तशी. ते हितं पाणी बी घेनार नायत. आत्ताच सांगते, मागून बोल नको."

"मग त्यांना बोलावू नका," मी म्हणाले.

हे मी किती मोठं मागत होते ते मला ठाऊक होतं. गावात एकट्या राहणाऱ्या बाईची विहीर दिरांच्या वाट्यात, बांध दिरांच्या बांधाला, आजारी पडली तर दवाखान्यात नेणारी गाडीही दिरांचीच. त्यांना डावलून पोराचं लग्न ठरवलं तर उद्या तिला त्याच गावात त्याच रस्त्यानं जायचं होतं. सत्यम आईकडे बघत होता. मी माझा शब्द मागे घेतला नाही.

साळूबाईंनी ब्रेडचा आणखी एक तुकडा मोडला आणि वाटीच्या तळाला बसलेला लसूण त्यानं पुसून घेतला.

"नाय बोलवत," त्या म्हणाल्या.