अकरा सूत बाहेरून, सात सूत आतून

एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर. अंदाजे.

धोंडाबाईंनी मळलेला रवा पातेल्यात, वर ओलं फडकं.

भोकरच्या शाळेत एकतीस वर्षांत गणितात कुणीही नापास झालं नाही. निदान कागद तसं सांगतो.

लोखंड कापायच्या करवतीची मोडलेली हॅक्सॉ ब्लेडं शहाणा माणूस फेकत नाही.

लातूरहून नांदेडला यायला लोह्यावरून रस्ता आहे. परत जायलाही तोच.

*

किशनराव गुरुजी भोकरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि नांदेडच्या घरात, बैठकीच्या खोलीत, त्यांनी लोखंड कातायचा छोटा लेथ आणून बसवला. घरच्या उपयोगाच्या वस्तू करायच्या म्हणून. त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत लेथवर जे झालं ते सगळं लेथसाठीच झालं. आधी कातायचं टूल झटकन बदलता येईल असा टूलपोस्ट. मग लांब दांडा डगमगू नये म्हणून आधार द्यायची स्टेडी. मग लेथची सरकती गाडी ठरल्या जागी थांबवायचा स्टॉप. मग आटे पाडायच्या डायचा होल्डर. प्रत्येक वस्तू आरशासारखी घासलेली, सागवानी फळीवर मांडलेली. पाहुणे आले की गुरुजी फळी दाखवत. पाहुणे चहा लवकर संपवत.

त्यांच्या बायकोचं, सिंधुताईंचं, उन्हाळ्यात शेवयांचं मशीन चाले. गल्लीतल्या बायका रवा मळून आणत, पडवीत नंबर लावत. यंदा ऐन हंगामात रवा पुढं ढकलणाऱ्या रोळाचा दांडा ज्यात फिरतो तो पितळी बुश फुटला.

"एवढा बुश करून द्या की," सिंधुताई म्हणाल्या.

"हाव, करतो ना. पण आधी बोरिंग बारचा होल्डर करावा लागंल."

गणित. बुश आतून कातायला बोरिंग बार लागतो. बार धरायला होल्डर लागतो. होल्डरला खाच पाडायला लेथवर बसणारं स्लाइड लागतं. स्लाइड बसवायला कोनाची पट्टी लागते. पडवीत नऊ बायका बसल्या आहेत. तर शेवया कधी होतील? (गुण पाच.)

अकराव्या दिवशी सिंधुताईंनी लातूरला वर्कशॉपवाल्या वीरण्णाला फोन लावला. हे शेवयांचं मशीन त्यानंच बनवलेलं.

"अण्णा, आमचा लेथ न्यायचा का? रविवारी या." मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "रविवारपर्यंत ह्या मशीनवर माझा बुश झाला तर मशीन राहील. न्हाई झाला तर लातूरला जाईल. मी लई वाट बघितली."

गुरुजींचा चेहरा शाळा तपासणीच्या दिवशी व्हायचा तसा झाला. जेवण अर्धं टाकून ते लेथपाशी गेले.

लेथपासून शेवयांचं मशीन बारा पावलांवर. गुरुजींकडं मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं कॅलिपर. पण पडवीत बायका बसलेल्या, त्यांच्यात जाऊन वाकून बुश बसायच्या भोकाचं माप कसं घ्यायचं? गुरुजींनी सव्वाशे किलोमीटरवर फोन केला.

"अकरा सूत बाहेरून, सात सूत आतून," वीरण्णानं सांगितलं.

अकरा त्रिक तेहतीस. सात त्रिक एकवीस. गुरुजींनी होल्डरचा नाद सोडून तेहतीस आणि एकवीस मिलिमीटर असे नेमके साधले की शंभराव्या भागाचाही फरक नको. पुरे दोन दिवस लागले.

रविवारी सकाळी बुश भोकात घातला. तो पलीकडून खाली पडला. उचलून दांड्यावर चढवून पाहिला, तर चढेना.

"बाहेरून ढिल्ला अन् आतून घट्ट," पातेलं घेऊन पहिल्या नंबरावर बसलेल्या धोंडाबाई म्हणाल्या. "आमचे जावई असेच हायत."

पडवी हसली. तेवढ्यात वीरण्णा दारात.

त्यानं बुश हातात घेऊन फिरवला. "गुरुजी, सूत कितीचं धरलं?"

"तीनचं. व्यवहारात तीनच धरतात."

"सव्वातीनला जरा कमी असतं ओ. एका सुताला चालतंय, अकराला कसं चालंल? अन् भोक इथंच होतं की! मला कशाला विचारलं?"

गुरुजींनी आपलं कॅलिपर डबीत घालून डबी मिटली.

"नेण्याआधी चालवून बघतो," वीरण्णा म्हणाला. त्यानं गुरुजींचा टूलपोस्ट सोडवून बाजूला ठेवला, खोक्यातला मूळचा काढून बसवला, टूलखाली मोडक्या हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे सरकवून उंची साधली. साधं फेंगड्या पायांचं कॅलिपर घेऊन बायकांच्या मधून वाट काढत गेला, "सरका अक्का" म्हणाला, भोकाचं माप पायांत धरून अन् दांडा हातात घेऊन आला. उरलेल्या पितळी तुकड्यावर आधी ड्रिल मारलं, मग आतून बाहेरून कातलं. तासही लागला नाही. हातोडीच्या चार टिचक्यांत बुश बसला. सिंधुताईंनी बटण दाबलं. धोंडाबाईंचा रवा जाळीतून लांबच लांब खाली उतरू लागला.

"चला, मशीन बांधू," वीरण्णा म्हणाला.

"थांबा," सिंधुताई म्हणाल्या. "बुश ह्याच मशीनवर झाला ना? मग मशीन कुठं जातंय. मी बोलले ते बोलले. तुम्ही ती फळी घेऊन जा."

"कोणती?" गुरुजी दचकले.

"ती, सागवानी. तिच्यावरच्या सगळ्या सामानासकट."

वीरण्णानं मघाशी काढलेला टूलपोस्ट उचलला, उजेडात धरला, त्याची कडी दोनदा फिरवली. "हे तुम्ही केलं, गुरुजी? खरं सांगा. लई झकास हाय ओ! माझ्याकडं असेच दोन बारके लेथ हायत. कारागिरांचा निम्मा वेळ टूल बदलण्यातच जातोय."

तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती वस्तू हातात घेऊन नीट बघत होतं, आणि तोच ती घेऊन चालला होता. गुरुजींनी स्टेडी स्वतःच्या हातानं कागदात गुंडाळली. डाय कुठल्या बाजूनं घालायचा ते दोनदा समजावलं. बदल्यात सिंधुताईंना बारीक शेवयांच्या दोन नव्या जाळ्या मिळाल्या.

सोमवारी गुरुजी उघड्या लेथपुढं उभे राहिले.

"धोंडाबाईंच्या पोळपाटाचा पाय मोडलाय," सिंधुताई आतून म्हणाल्या. "माप घ्यायला जा. फोन करू नका."

गुरुजींनी चपला घातल्या.

तीन वर्षांपूर्वी हा लेथ टेंपोतून उतरवला तेव्हा जड बाजू सिंधुताईंनी धरली होती.