झाडापाशी वळायचं

"हललात तुम्ही! परत घ्या."

"मी कुटं हललो? एका पायावर तू उभी, आन् हललो मी व्हय?"

सकाळचे साडेसात वाजले होते. शिवकुमार मोबाईल दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि त्याची बायको भुवनेश्वरी ओट्यापुढे उजव्या पायावर. डावा गुडघा छातीशी, एक हात कपाळापुढे, दुसरा मागे ताणलेला. कुकरची पहिली शिट्टी झाली तरी बाई ढळली नाही. दुसरी झाली, तेव्हा मात्र भाताची काळजी जिंकली आणि पाय खाली आला.

"झाला तुझा बगळा? डबा भर आता. कारखान्याची गाडी काय तुज्यासाठी थांबत न्हाय."

"बगळा कवाच झाला हो. बगळा नववा. ही चोविसावी."

एकोणपन्नास वर्षांच्या बाईने रोज सकाळी भाजीच्या फोडणीसमोर असं का उभं राहावं, हे शेजाऱ्यांनी दोन-चारदा विचारलं आणि मग नाद सोडला. भुवनेश्वरी एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढते. आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकट रंगवायची, आता कॉम्प्युटरवर. मोर, कमळं, देवळांची शिखरं. या कामातली मोठी सोय म्हणजे चादर अर्धीच काढायची. डावीकडचा मोर मन लावून रंगवला की तोच उलटवून उजवीकडे बसवायचा, दोघं चोचीला चोच लावून उभे. तेवीस वर्षं तिने अर्धेच मोर काढले आणि लोक अख्खी चादर पांघरून झोपले. या कामात तिचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुलगी अक्षता नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जुना लॅपटॉप घरी राहिला. त्यात माणसांची चित्रं हलती-चालती करण्याचं फुकटचं सॉफ्टवेअर होतं. भुवनेश्वरी व्हिडिओ बघून ते शिकू लागली. पहिला बाहुला चालायला लागला तेव्हा त्याचा हात पोटातून आरपार गेला. दुसऱ्याची मान गर्रकन मागे फिरली. शिवकुमार म्हणाला, "ह्याला लिंबू उतरून तिकाटण्यावर सोडून ये आदी." तिसरी बाहुली नीट उभी राहिली. अंगाने भरलेली, केसांचा अंबाडा. भुवनेश्वरीने तिचं नाव ठेवलं अक्कम्मा, म्हणजे सासूबाईंचं.

सासूबाईंचा तो मान होता. मुलगी बघायला आल्या तेव्हा कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं होतं की पोरगी मैदानावर लाथा मारते. अक्कम्माबाई पानाला चुना लावत म्हणाल्या, "मग तर लई झ्याक. माज्या शिव्याला तेच पायजे." शिव्याला ते मिळालं आणि तो आजतागायत खूष आहे.

लाथा शिकवल्या होत्या रुद्रप्पा सरांनी. सर सिटी बसचे ड्रायव्हर. तरुणपणी हुबळीला राहून कुंग फू शिकून आले आणि पहाटे शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवू लागले. दुपारी त्याच पोरांना बसमध्ये "मागं सरका, मागं" म्हणून ओरडायचे. शिकवायचेही ड्रायव्हरसारखे. "क्लच हळू सोड, भुवना. झटका बसला तर पासिंजर पडंल." पासिंजर म्हणजे तोल. वर्गात मुलगी ती एकटीच. पाच वर्षांत सरांनी कुणाला शाबास म्हटलं नाही. फारच जमलं तर म्हणायचे, "चालंल."

त्यांच्याकडे अठ्ठेचाळीस हालचाली ठरल्या क्रमाने करायचा एक फॉर्म होता. चोवीस जाताना, चोवीस परत येताना. तो त्यांनी कुठे लिहिला नाही, कुणी त्याचा फोटो काढला नाही. आता सरांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. भुवनेश्वरीने जुन्या सोबत्यांना फोन लावून पाहिले. गौस आखातात, अजिनाथ बार्शीत. ज्याला त्याला थोडं थोडं आठवत होतं आणि प्रत्येकाला पहिल्या पाचच हालचाली. तेव्हा तिने ठरवलं की सरांची नजर शाबूत आहे तोवर अख्खा फॉर्म अक्कम्माच्या अंगात घालायचा. आणि सरांनी तो बघून म्हणायचं, हाच तो. सर नाही म्हणाले, तर दुसरं विचारायला जगात कुणी नव्हतं.

एकेक हालचाल आधी स्वतः करायची, शिवकुमारने ती मोबाईलवर घ्यायची, मग ती अक्कम्माकडून करवून घ्यायची. एका सेकंदाला चोवीस चित्रं. ढोपर एवढं वाकवलं तर खांदा कुठे जातो, टाच उचलली तर कंबर काय म्हणते. असे चौदा महिने गेले. त्या सकाळच्या चोविसाव्या हालचालीने जाण्याची वाट पूर्ण झाली.

आता परतीची वाट. सर नेहमी सांगायचे, "गेलं तसंच परत यायचं." भुवनेश्वरीने कारखान्यात रोज करते तेच केलं. चोवीस हालचाली निवडल्या आणि उलटवल्या. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. कपातला चहा निवायच्या आत अक्कम्मा नाचत-उडत परत आली. भुवनेश्वरीला इतका आनंद झाला की तिने शिवकुमारला ऑफिसच्या वेळेला शिरा करून घातला.

रविवारी दोघं स्कूटरवरून सरांकडे गेली. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, पाठीवर लॅपटॉप. दारातच सरांची सून महेश्वरी भेटली. ती हळूच म्हणाली, "बरं झालं आलाव, अक्का. मामा बोलतच न्हाईत आताशा. नुसतं भिंतीकडं बगत बसत्यात. डॉक्टर म्हन्ले रोज चाला, तर म्हन्त्यात, कुटं जायाचंय मला?"

सर अंगणात खुर्चीवर होते. पंच्याहत्तरीचे, वाळलेले. समोर चार पायांचा वॉकर. तिला बघून एवढंच म्हणाले, "बा, भुवना. ये, बस."

तिने स्टुलावर लॅपटॉप ठेवला. कारखान्याच्या मालकाला डिझाइन दाखवताना जिचा आवाज कधी कापला नाही, तिने दोनदा भलतंच बटण दाबलं.

पडद्यावर अंबाड्याची अक्कम्मा पुढे आली. मुठीवर तळवा ठेवून तिने नमस्कार केला. सरांची मान वर झाली. पहिली, दुसरी, तिसरी. सरांची बोटं वॉकरच्या दांडीवर हलू लागली. नवव्याला बगळा आला तसे ते पुटपुटले, "क्लच." चोविसाव्या हालचालीपर्यंत ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. महेश्वरी कणकेचे हात तसेच धरून दारात उभी राहिली.

मग अक्कम्मा परत फिरली. थोड्या वेळाने सरांची बोटं थांबली. फॉर्म संपला.

"सर?"

"अर्धं माजं हाय," सर म्हणाले. "परतीचं माजं न्हाय. ह्ये आरशातलं हाय."

भुवनेश्वरी चटकन म्हणाली, "सर, तुमीच म्हन्त होता, गेलं तसंच परत यायचं—"

"म्हन्त होतो की. पन यायचो का? मदी झाड न्हवतं का?"

झाड! मैदानाच्या मधोमध मोठा कडुलिंब होता. जाताना तो उजव्या हाताला राहायचा. परत येताना नेमका एकतिसाव्या हालचालीला नाकासमोर यायचा. तिथे सरळ लाथ घातली तर बुंध्यावर बसणार, म्हणून सर अर्धं पाऊल आखडून टाचेवर गिरकी घेत, खांदा चोरून झाडाला वळसा घालत आणि दोन बुटकी पावलं टाकून पुन्हा वाटेला लागत. त्यांनी हे कधी शिकवलं नाही. पोरांनी बघून बघून उचललं आणि ते फॉर्मचंच होऊन बसलं. तो कडुलिंब शाळेने कधीच तोडला. आता तिथे शाळेच्या गाड्या लागतात.

"परतीच्या येळंला तू सोता उभी र्‍हायली न्हाईस," सर म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "आयत्या पिठावर रेगोट्या वडल्यास."

भुवनेश्वरीने मान खाली घातली. खरंच होतं. चोवीस हालचालींना ती चौदा महिने उभी राहिली आणि उरलेल्या चोविसांना खुर्चीतून उठलीसुद्धा नव्हती. तिला रडूच यायला लागलं. शिवकुमार मध्ये पडला, "सर, तिनं लई मेहनत केली हो. भात करपवलाय किती येळा, माजा मला ठावं."

सरांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी वॉकर पुढे ढकलला. "शिवकुमार, ह्ये घ्या. तितं मदी नेऊन ठेवा. आनकी थोडं डावीकडं. हां. ह्ये झाड. भुवना, उट. चोविसापास्नं."

"आता? सर, मी पन्नाशीला आले."

"मी पंच्याहत्तरीला आलोय. उट."

भुवनेश्वरीने ओढणी कमरेला बांधली. अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली, चप्पल काढली. शिवकुमारने सवयीने मोबाईल धरला. पंचवीस, सव्वीस. डोक्यात काही नव्हतं, म्हणून बरं होतं. पायांना आठवत होतं. तीस झाली आणि समोर वॉकर आला. पाऊल आपोआप आखडलं, टाच फिरली, खांदा मागे गेला. भुवनेश्वरी वॉकरला वळसा घालून गेली आणि दोन बुटकी पावलं टाकली. एकोणीस वर्षांची होती तेव्हाचा पहाटेचा गार वारा तिला चक्क लागला. ती मोठ्याने हसली. महेश्वरीही हसायला लागली, कशाला ते तिलाही कळलं नसेल. गुडघा कुरकुरला, धाप लागली, बेचाळिसाव्याला तोल जाता जाता राहिला आणि खुर्चीतून आवाज आला, "पासिंजर सांबाळ!"

अठ्ठेचाळीस. ती वळली, मुठीवर तळवा ठेवला आणि सरांना नमस्कार करायला मान वर केली.

सर उभे होते. खुर्चीला न धरता, दोन्ही पायांवर. त्यांच्या उजव्या मुठीवर डावा तळवा होता.

"मामा! वॉकर!" महेश्वरी ओरडली आणि तो आणायला धावली.

"र्‍हाऊ दे. झाड हाय ते," सर म्हणाले. "झाड कोन उपटून आनतं व्हय?"

मग ते सावकाश, आपले आपण, खुर्चीत बसले. भाकरीचा डबा उघडायला लावला. कडक भाकरी मोडता मोडता एकदा म्हणाले, "चालंल." भुवनेश्वरीने शिवकुमारकडे पाहिलं. त्याने मान हलवली, ऐकलं म्हणून. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून ती सगळ्या रस्त्याने बोलत होती आणि त्याला वाऱ्यात एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी तो व्हय व्हय म्हणत होता.

परतीच्या हालचाली तिने पुन्हा पहिल्यापासून केल्या. रोज सकाळी स्वयंपाकघरात, मध्ये गॅसची रिकामी टाकी ठेवून. दहा महिने लागले. पडद्यावर मधोमध कडुलिंब उभा केला, त्याला पानं लावली. मधल्या काळात सर घरातल्या घरात चालू लागले होते. महेश्वरीने फोनवर सांगितलं की ते अंगणात वॉकर मध्ये ठेवतात आणि भिंतीला धरून त्याच्याभोवती फेऱ्या मारतात.

शेवटचा व्हिडिओ सरांनी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "खाली लिंबोळ्या कुटं हायत?"

"लिंबोळ्या?"

"आकाडात निस्ता सडा पडायचा. पाय घसरायचा पोरांचा. तुजापन घसरला हुता, ढोपर फुटलं हुतं. इसरलीस?"

भुवनेश्वरीने नकळत गुडघ्यावर हात नेला. पांढरी खूण अजून होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर तिने लॅपटॉप उघडला. एक लिंबोळी केली, पिवळी, एका बाजूला जरा चेपलेली. तिची नक्कल काढून शंभर लिंबोळ्या एका झटक्यात पसरता आल्या असत्या. बोट तिकडे वळलंही. मग तिने हात मागे घेतला, शिवकुमारला चहा ठेवायला सांगितलं आणि दुसरी लिंबोळी नव्याने करायला घेतली.