मुळांची लांबी

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. नाव नवऱ्यानेच पाडलेलं. तो प्रयोग मांडायचा, ती गव्हाच्या कोवळ्या रोपांची मुळं पट्टीवर धरून आकडा सांगायची, तो लिहून घ्यायचा. आणि मग जगाला सांगायचा. संसारात कामाची वाटणी बहुधा अशीच असते. इथे निदान शोधनिबंधावर तिचंही नाव छापलं होतं.

शेवाळाच्या अर्काने मुळं वीस टक्के जास्त वाढतात, असं त्या निबंधात होतं. नवऱ्याचं नाव झालं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मागे कपडे, चष्मा आणि हा शोध राहिला. कपडे तिने वाटून टाकले.

मग एका परक्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. आम्ही तीनदा करून पाहिलं, मुळांत फरक दिसत नाही. तुमची काही वेगळी पद्धत होती का?

"जळतात मेले," ती लेकीला म्हणाली. लेकही त्याच धंद्यातली. "धड मोजता येत नाही, आणि निघाले ह्यांना खोटं पाडायला!"

दोघींनी रोपांच्या बशा पुन्हा मांडल्या. तेच वाण, तोच अर्क, तेवढेच दिवस. आकडा आला एकोणीस टक्के. मोजणीबाईने विजयी मुद्रेने चहा टाकला.

"आता एकदा बशांवरच्या चिठ्ठ्या झाकून करू," लेक म्हणाली. "अर्काची कुठली, नुसत्या पाण्याची कुठली, तुला कळायला नको."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"पट्टीवर आहे."

चिठ्ठ्या झाकल्या आणि फरक गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला लेकीने चिठ्ठ्या उघड्या ठेवल्या आणि शेजारी उभी राहून आईची बोटं बघू लागली. अर्काच्या बशीतलं मूळ वळलेलं असलं की आई ते बोटाने हलकेच सरळ करायची, तान्ह्याचं जावळ विंचरावं तसं, आणि मग पट्टी लावायची. पाण्याच्या बशीतलं वळलेलं मूळ तसंच मोजून बाजूला.

"आई, हेही सरळ कर ना."

"कुठलं?"

लेकीने पाण्याच्या बशीतल्या मुळाकडे बोट दाखवलं. मोजणीबाईने दोन्ही मुळांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. नवऱ्याने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. तिने सांगितला तोच लिहिला होता.

"राहू दे गं," लेक म्हणाली. "बाबा गेलेत. आता कोण विचारतंय?"

"ते पत्रवाले विचारतायत. आपलंच काही चुकतंय म्हणून आणखी किती जण बशा मांडत बसलेत, कुणाला ठाऊक."

निबंध मागे घेण्याचा अर्ज दीडच पानाचा होता. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे तीन चौकोन: सहमत, असहमत, संपर्क होऊ शकला नाही. स्वतःच्या नावापुढे तिने लगेच खूण केली. नवऱ्याच्या नावापाशी पेन थांबलं. तो आधी भांडला असता, दोन दिवस नीट जेवला नसता, आणि तिसऱ्या दिवशी सहमत म्हणाला असता. तिला पक्कं माहीत होतं. पण पुरावा काय?

तिने तिसऱ्या चौकोनात खूण केली.