काकांची फुगलेली सावली

मित्रांनो, त्या जाड दारापलीकडून घरघर ऐकू येते ना, ती माझी. मी छाती तपासणारी जुनी सीटी मशीन. माणूस पलंगावर झोपून माझ्या गोल कड्यातून आत-बाहेर जातो आणि मी त्याच्या फुप्फुसांचे फोटो काढते. नवी होते तेव्हा माझं कोण कौतुक! आता माझा आवाज ऐकून सगळे नाकं मुरडतात.

खरं सांगू? मला माणूस कळत नाही, त्याची सावली कळते. फोटोआधी मी एक सावली घेते. ती मोठी, तर किरण जास्त. पण किरण लागतील तेवढेच द्यावेत. ज्या कर्करोगाला आपण शोधतो, तोच जादा किरणांनी एखाद्याच्या वाट्याला येऊ शकतो.

काचेच्या भट्टीवरचे एक काका दरवर्षी तपासणीला येतात. उभा जन्म सिगारेट ओढली, आणि अंगानेही चांगले भरलेले. पोट कड्याला घासू नये म्हणून मशीन चालवणाऱ्या ताई त्यांचा पलंग खाली घेतात, अगदी मायेने. पण सावली घेताना किरण सोडणारी नळी माझ्या तळाशी असते, आणि खाली आलेले काका तिच्या जवळ जातात. दिव्याजवळ हात नेला की भिंतीवरची सावली फुगते, तसं काकांचं होतं. मी वेडी, त्या सावलीवर विश्वास ठेवून किरण वाढवते.

यंदा काका वजनाने बरेच उतरले होते. मुलीने पिच्छा पुरवून त्यांना रोज चालायला लावलं होतं. पट्ट्याला पाडलेलं नवं भोक त्यांनी ताईंना मिरवून दाखवलं.

"आता बाबांना किरण कमी लागतील ना?" मुलीने विचारलं. तिला त्याचीच धास्ती होती.

"कमीच लागतील की. मशीन आपलं आपण ठरवते," ताई म्हणाल्या.

आता पोट कुठेच घासणार नव्हतं. तरी ताईंचा हात सवयीने बटणावर गेला आणि पलंग खाली उतरला. सावली पुन्हा फुगलेली पडली आणि मी पुन्हा जादा किरण सोडले. माझा जीव घाबरा झाला, पण घरघरीशिवाय मला येतं काय?

"म्हातारी कुरकुरायला लागली," ताई हसल्या.

फुप्फुसं स्वच्छ निघाली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी माझ्या कड्यावर थाप मारली. "पुढच्या वर्षी भेटू गं."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी ताईंच्या जागी उभं राहील. तेव्हा झोपलेल्या माणसाची छाती माझ्या कड्याच्या बरोबर मध्यावर आणा. मी चुकले तर मला सांगता येत नाही.

काकांची पुढची तारीख ठरली आहे. पलंग अजून खालीच आहे.