हिरवा परकर

हळद शिजवायच्या दिवसांत डोंगरकड्याच्या शिवारावर जो दाट, मातकट, किंचित कडवट वास उतरतो, तो मला अजूनही आधी गोदाआत्याचा वाटतो आणि मग हळदीचा. कढईच्या वाफेपलीकडे ती उभी असायची, उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. उन्हं तिरपी झाली की तिच्या पिवळ्या बोटांवर, रिकाम्या मनगटांवर आणि सुरकुतल्या गळ्यावर एक म्हातारा उजेड येऊन बसे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पांढऱ्या कपाळानं माहेरी परतली आणि नोकरीला लागलेल्या भावाची शेती तिनं आपली समजून केली. आपली समजण्यापलीकडे त्या शेतात तिचं काही नव्हतं.

तिच्या मालकीची म्हणावी अशी एकच वस्तू होती आणि तीही तिच्याजवळ नव्हती. निजामाच्या अमलात, नांदेडहून तिपाई घेऊन आलेल्या फोटोवाल्यानं अंगणात काढलेला एक फोटो. बंद गळ्याच्या कोटात आजोबा, शेजारी आजी, आणि आजीच्या मांडीवर परकर-पोलक्यातलं, वेणी घातलेलं, नाकात मोती असलेलं लेकरू. ते लेकरू म्हणजे आत्या, असं घरात सगळे धरून चालत, आणि तीही. वाटणीच्या वेळी फोटो हिंगोलीला माझ्या धाकट्या चुलत्यांकडे गेला, पण आत्या त्या दुपारबद्दल बोलायला लागली की सगळं जसंच्या तसं उभं करायची. परकर हिरवा होता. बाबांच्या कपाळावर घामाचा थेंब थरथरत होता, पुसायची सोय नव्हती. आईनं ओठ असे आवळले होते, जणू हसू आलं असतं तर तिला घरातून काढलं असतं. हे सांगताना आत्याचा राकट आवाज मऊ होई, आणि नाना, म्हणजे माझे वडील, काहीतरी काम काढून उठून जात.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी चंद्राला कडं पडलं, मग दिव्याला, मग माणसांना. ऑपरेशनची तिला भीती वाटायची. मी कळमनुरीच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर तिनं माझा हात धरून बसवलं. म्हणाली, "नजर हाय तवर मला माजं तोंड पाहू दे, बाई. लेकरू व्हते तवा मी कशी व्हते, हे सांगणारं कुनी राह्यलं न्हाई." जन्मभर तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी हिंगोलीची एसटी धरली.

चुलते जाऊन काही वर्षं झाली होती. काकूंनी आठवून आठवून शेवटी देवघराकडे बोट केलं. चौकट चांगली शिसवी होती म्हणून त्यांनी तिच्यात बालाजीची तसबीर बसवली होती. जुना फोटो काढलाच नव्हता, देव त्याच्यावरच बसवला होता. मागचे खिळे उपसता उपसता काकू सहज बोलून गेल्या, "तुज्या बापानंच आनून दिला व्हता हा. आमच्या घरात नको म्हने." मला त्याचा अर्थ लागला नाही. बालाजी बाजूला झाला आणि खालून बुरशीनं कडा खाल्लेला, पण चेहरे शाबूत असलेला फोटो निघाला. मी तो ओढणीत गुंडाळून डोंगरकड्याला आणला.

आत्यानं तो अंगणातल्या उजेडात नेला. अगदी डोळ्यांशी धरला, दूर केला, पुन्हा जवळ आणला. मग तिचं बोट लेकराच्या नाकाशी जाऊन थांबलं आणि तिथंच राहिलं. मोती उजव्या नाकपुडीत होता. आमच्याकडे मुलींचं नाक डावीकडे टोचतात. उजवीकडे टोचतात ते नवसाच्या मुलाचं. ज्या घरात पोरं जगत नसत, तिथे नव्या पोराला दगडू, धोंडू असं टाकाऊ नाव द्यायचं, केस वाढवून वेणी घालायची, परकर-पोलकं चढवायचं. म्हणजे मरण दाराशी आलंच तर आत पोरगी पाहून आल्या पावली परत जाईल. आत्याच्या पाठचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. त्यांच्यामागून नाना जगले. त्यांच्या उजव्या नाकपुडीवरच्या बारीक खड्ड्याला आम्ही मुलं देवीचा वण समजत होतो.

"हा दगडू हाय," आत्या म्हणाली. मग तिनं बोट खाली परकरावर आणलं. "परकर माजा व्हता. सणाचा. माज्या अंगातून काढला, दुमडून त्याला नेसवला. माज्या अंगावर ठिगळाचं राह्यलं, म्हून मला फोटोवाल्याजवळ उभं केलं."

मी पुन्हा पाहिलं. परकर खरंच त्या पोराच्या कमरेशी गोळा झाला होता. आणि आत्या आजवर जे सांगत आली होती, तो बाबांचा घाम, आईचे आवळलेले ओठ, ते मांडीवर बसलेल्या लेकराला दिसणंच शक्य नव्हतं. ते समोर उभ्या असलेल्यालाच दिसतं. सगळे एकीकडे आणि ती एकटी अलीकडे, असं तिनं ते पाहिलं होतं, आणि पुढच्या आयुष्यात कधीतरी, कुणाच्याही नकळत, स्वतःला उचलून त्या मांडीवर ठेवलं होतं.

"मरणालाबी पोरगी नको व्हती," ती म्हणाली. "मंग मानसाला काहून पायजे?"

ती रडली नाही. संध्याकाळी नाना आले तेव्हा तिनं फोटो त्यांच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, की दगडू, तुजा हाय, घेऊन जा. नानांनी खाली मान घालून तो घेतला. त्यांना ठाऊक होतं. शाळेत पोरं वेणीवरून चिडवायची, ती लाज मनात राहिली म्हणून वाटणीचं निमित्त करून त्यांनीच तो घराबाहेर काढला होता. आणि बहीण त्या लेकराला आपलं म्हणते आहे, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. तिच्या भोळ्या समजुतीच्या आड त्यांनी आपली लाज आयुष्यभर झाकून ठेवली. मी त्यांना हे माफ केलेलं नाही, आणि करावंसंही वाटत नाही.

निवृत्तीनंतर नानांनी हिंगोलीत घर बांधलं. आता तो फोटो नव्या काचेत, बैठकीत दर्शनी आहे. लाज जुनी झाली की तिची गंमत होते. पाहुणे आले की नाना हौसेनं विचारतात, ओळखा पाहू ही पोरगी कोण, आणि सगळे हसतात. आत्या नवं शतक उजाडल्यावर चार-दोन पावसाळे पाहून गेली. तेराव्याला ठेवायला फोटो शोधला, तर निघाला फक्त निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा, करड्या डागासारखा. स्टुडिओवाला म्हणाला, हा मोठा होणार नाही. पाटावर आम्ही नुसता दिवा ठेवला.

कधीमधी मी नानांकडे जाते. बैठकीत कोणी नसलं तर त्या फोटोपुढे उभी राहते. मरणाला चकवलेलं लेकरू माझ्याकडे टक लावून पाहतं, बाबांचा घाम अजून तसाच थरथरतो, आईचे ओठ तसेच आवळलेले, आणि मला कळतं की ही सगळी माणसं त्या दुपारी जिच्या दिशेनं पाहत होती ती आत्याच होती. इतके डोळे तिच्याकडे वळलेले, आणि त्यांतल्या एकानंही तिला पाहिलं नाही. काळानं तिचं काहीच मागे ठेवलं नाही, फक्त ही जागा ठेवली, काचेच्या अलीकडची, जिथे आता मी उभी आहे.