वाट्याला हात

आमच्या तलावाचा एक कोपरा नागपूरच्या कॉलेजला तीन वर्षांसाठी द्यायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. सत्यवतीमावशीची नोकरीही त्यावरच होती. मासोळ्यांवर संशोधन करणारे साहेब आणि आमची मच्छीमार सोसायटी यांचं जुळवून द्यायला कॉलेजनं तिला ठेवलं होतं.

ऐकायला सोपं वाटतं. दोन्हीकडचे मराठीच बोलतात. पण साहेब म्हणायचे, "या लोकांना शिस्त नाही," की मावशी सोसायटीत सांगायची, "साहेब म्हणतात, वेळ पक्की करा." सोसायटीचे अध्यक्ष गोमाजीमामा म्हणायचे, "तो फुकट मासोया न्याले येते," की मावशी साहेबांना सांगायची, "मामांना नमुन्यांची काळजी वाटते." वर्षभर तिनं दोघांचं बोलणं काटे काढून एकमेकांना वाढलं. त्याबद्दल गावानं नाव काय ठेवलं, तर कॉलेजची दलाल. आणि कॉलेजात तिला बसायला खुर्चीसुद्धा नव्हती.

मी दहावीत आहे. मला राग येतो आणि यंदापासून मी तो गिळत नाही.

त्या सकाळी जाळं ओढायचं होतं. मावशीनं साहेबांना, म्हणजे डॉ. देवस्थळींना, बजावलं होतं, मासोळ्या जाळ्यातून निघताच हव्या त्या घ्या, वाटे पडल्यावर नाही. वाटे पडले की आमच्याकडे त्यांना कोणी हात लावत नाही. एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो. लहान निघो की मोठा, मग भांडण नाही.

साहेबांची जीप उशिरा आली. रस्त्यातल्या पवनीत कोणाकडे तरी पोहे चालले होते. तोवर पाळीवर, तलावाच्या बांधावर, वाटे पडले. मावशी गोमाजीमामांना जरा थांबा म्हणून विनवायला गेली, तेवढ्यात साहेब सरळ वाट्यांत शिरले, सगळ्यात मोठा रोहू उचलला आणि त्याचं पोट फाडून मोकळे झाले. त्यानं काय खाल्लं ते बघायचं होतं म्हणे. मग दुसरा उचलला.



"सत्यवती," मामा साहेबांकडे न बघता म्हणाले, "तुया साहेबाले सांग, मानसाच्या ताटातला घास उचलत नसतेत."

"सत्यवतीबाई, यांना सांगा, दोनच मासे आहेत. त्यांच्या जागी दुसरे घाला म्हणावं."

मावशीनं हात जोडले. दोघांनाही. "चूक माझीच झाली, मी..."

"तुयी काहून?" मी म्हटलं, आणि हळू नाही म्हटलं. "पोहे का तू खाऊन राहिली होती?"

मासोळ्या निवडणारी कुंताबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोरगी खरं बोलून राहिली वं."

मावशी माझ्याकडे अशी वळली, की मला वाटलं आता बसते कानाखाली. पण तिनं हात खाली सोडले.

"साहेब, मामा म्हणतात, माणसाच्या ताटातला घास उचलत नसतात. आन मामा, साहेब म्हनतेत दोनच मासे, दुसरे घाला. वर्षभर गोड करून सांगतलं. आज जसंच्या तसं घ्या."

साहेबांचे कान लाल झाले. "मी विभागप्रमुखांना कळवतो. इथले लोक सहकार्य करत नाहीत."

"सहकार्य कायले म्हनते हा?" मामा पहिल्यांदाच थेट साहेबांशी बोलले. "कोपरा देतो ना गा. कॉलेजचाही एक वाटा टाकू. पाठमोऱ्याच्या तोंडून निघन तो तुमचा. मंग फाडा, नाही तं पूजा करा."

साहेब उत्तर न देता जीपकडे चालू लागले. मावशी त्यांच्याआधी जाऊन जीपमध्ये बसली. "चला. तुम्ही कळवाल तेव्हा मीही समोर असते."

ती दुसऱ्या दिवशीच्या बसनं परतली. करार झाला होता. प्रमुखांना कॉलेजच्या वाट्याची गोष्ट फार आवडली. त्यांनी मावशीचं कौतुकही केलं. तुमच्यामुळेच लोक आता आमच्याशी थेट बोलायला लागले, मग मध्ये कोणी कशाला, असं म्हणून त्यांनी तिची जागा बंद केली.

मावशी हे सांगत भात कालवत होती. खात नव्हती.

मी तडक गोमाजीमामांच्या घरी गेले. "मामा, मावशी राहिली तरच कोपरा, असं सोसायटी काहून म्हनत नाही?"

"नोकरी कॉलेजची, बाई. आपन का बोलनार?"

"वाट्याले हात लावला तं बोलले ना."

मामा आत वळून बायकोला म्हणाले, "गिरजा, पोरीले चहा दे."

चहा आला. मी तो घेतला नाही, आणि उठलेही नाही.