कच्चा ट्रे

पट्टी काळी झालीच नव्हती.

मावशीने ती दिव्याखाली धरली, चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा पाहिली. वाफ पुरेशी लागली की पट्टीवरच्या रेघा कोळशासारख्या काळ्या होतात. या जेमतेम राखाडी होत्या.

ऑपरेशनची उपकरणं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायचं काम ती हॉस्पिटलच्या तळघरात चोवीस वर्षं करत होती. आधी पट्टी बघायची, मगच ट्रे वर थिएटरमध्ये पाठवायचा, हा नियम तिनेच सगळ्यांच्या डोक्यात भरवला होता. आज मात्र ट्रे वर गेला होता आणि पट्टी ती आता बघत होती.

कारणही तिला ठाऊक होतं. विभागप्रमुख म्हणून तिचं नाव पक्कं झाल्याची बातमी सकाळीच आली होती. लोक अभिनंदन करायला जमले, कौतुक करू लागले. मावशी हरखली आणि बोट भलत्याच बटणावर पडलं. सुट्या चिमट्यांना पुरेल एवढाच वेळ कापडात बांधलेल्या अख्ख्या ट्रेला मिळाला. वरून फोन आला, "लवकर पाठवा," आणि तिने न बघता पाठवला.

"टाक ती कचऱ्यात," शेजारच्या टेबलावरून तिची सहकारी म्हणाली. तोंडाला विश्रांती नसल्यामुळे तिला सगळे रेडिओ म्हणत. "शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही होत नाही. आणि पाहिलंय कोणी?"

"एकाने पाहिलंय."

रेडिओने दचकून दाराकडे बघितलं.

मावशीचा देवाशी घरोबा होता. यंत्रात वाफ चढेपर्यंत ती कापडाच्या घड्या घालत त्याच्याशी बोलत बसे. गुडघे, सून, नवऱ्याचं घोरणं, सगळं त्याच्या कानावर घाली. मागणं क्वचित, गप्पाच जास्त. पण मैत्रीच्या भिडेखातर तो न्यायात केसाचाही फरक करणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्याच्यावर तिचा एवढा जीव होता.

तिने थिएटरला फोन लावला. कोणी उचलेना. मग ती निघाली. दोन मजले चढायचे होते आणि गुडघे बोंबलत होते. "त्यांचे हात जरा धरून ठेव रे," ती धापा टाकत म्हणाली. "माझं काय करायचं ते नंतर कर."

थिएटरच्या दारावर तिने दोन्ही हातांनी थापा मारल्या. आत पेशंट टेबलावर होता, भूल द्यायची बाकी होती. मोठे सर्जन धुतलेले हात वर धरून उभे होते आणि सिस्टर ट्रेची गाठ सोडत होती.

"थांबा! ट्रे कच्चा आहे!"

"काय?" सर्जन गरजले. "मग पाठवला कोणी?"

"मी."

"दुसरा कधी मिळेल?"

"तासभर लागेल, साहेब."

सगळ्यांदेखत ते तिला नाही नाही ते बोलले. मावशीने मान खाली घातली नाही. बोलून झाल्यावर तिने कच्चा ट्रे उचलला आणि खाली निघाली.

दुपारी अधीक्षकांनी बोलावलं. माणूस भला होता. त्यांनी दार लावून घेतलं.

"मावशी, मशीन जुनं झालंय. बिघाड झाला म्हणून लिहून द्या. सोमवारी तुमची ऑर्डर निघतेय. उगाच कशाला?"

"मशीन मुकं आहे म्हणून त्याच्यावर ढकलू होय? बटण मी दाबलं, साहेब."

"ही खुर्ची जाईल हातची."

"जाऊ दे. पण खरं तेच लिहा."

त्यांनी तेच लिहिलं. सोमवारी खुर्ची रेडिओला मिळाली.

नवरा शिवणकाम करायचा. त्या संध्याकाळी त्याने मशीन थांबवलं आणि कधी नव्हे तो चिडून बोलला, "चोवीस वर्षांची देवाशी दोस्ती ना तुझी? एवढी एक गोष्ट झाकता आली नाही त्याला?"

"झाकली असती तर मीच दोस्ती तोडली असती."

"मग डोळ्यांत पाणी का?"

"खुर्ची हवी होती म्हणून," मावशी म्हणाली. "त्याच्याशी तरी काय खोटं बोलायचं?"

रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं, पोटभर जेवली आणि शांत झोपली. सकाळी नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधीच ती कामावर हजर झाली. रेडिओ खुर्चीजवळ अवघडून उभी होती.

"मावशी, तुमच्यासमोर मी कशी बसू?"

"गुडघ्यात वाकून. आता तेही मीच शिकवू?"

रेडिओ खुदकन हसली आणि गुडघ्यात वाकून खुर्चीत बसली.

महिनाभराने मोठे सर्जन तळघरात उतरले. याआधी ते कधी तिथे फिरकले नव्हते. ते थेट आत येऊ लागले.

"साहेब, बूट."

ते थबकले. बाकीच्या बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या. साहेबांनी वाकून नाड्या सोडल्या आणि मोज्यांवरच ओलसर फरशीवर आले.

"उद्या माझ्या आईचं ऑपरेशन आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिचा ट्रे तुम्ही भराल?"

मावशीचे हात घड्या घालतच होते. "भरते की. पण रोजच्यासारखाच भरीन, साहेब. रोज कोणाची ना कोणाची आईच असते वर."

साहेब तिचे हात बघत उभे राहिले. मग दारातले बूट त्यांनी उचलले आणि तसेच चालू लागले. दोन मजले चढून झाले तरी बूट त्यांच्या हातातच होते.